किन्वा, राता आणि आमचें स्वयंपाकघर

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या पांढरपेशा कुटुंबांच्या फडताळांत एका नव्या धान्यानें प्रवेश केला आहे. त्याचा दाणा मोहरीएवढा, किंचित् चपटा व फिकट पिवळसर असतो. पिशवीवर त्याचें नांव 'क्विनोआ' असें छापलेलें असतें, आणि किंमत पाहिली म्हणजे गृहिणीचा हात क्षणभर थबकतो. ज्या देशांतून तें मूळ आलें तेथील केचुआ भाषेंत त्याचा उच्चार 'किन्वा' याच्या जवळ जातो. म्हणून आम्हीहि या लेखांत तेंच रूप वापरणार आहों. कोणी मधुमेहावरील पथ्य म्हणून तें घेतात, कोणी मुलांच्या पोटांत कसदार अन्न जावें म्हणून घेतात, आणि शेजारीं आलें म्हणून घेणारेहि कांहीं थोडे नसतात. परंतु तें कोठून आलें, इतकीं वर्षें तें कोणीं जपलें, आणि आपल्याकडे येण्यास त्याला एवढा उशीर कां लागला, याची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. धान्यांचा इतिहास राजांच्या इतिहासाइतकाच शिकण्यासारखा असतो. किंबहुना संसारी माणसाला तो अधिक उपयोगी पडतो, असें आमचें मत आहे. म्हणून ती चौकशी येथें करण्याचें योजिलें आहे.

आरंभ आमच्याच घरच्या फजितीपासून करणें प्रामाणिकपणाचें होईल. आमचें बिऱ्हाड पनवेलजवळ कामोठें येथें आहे. पहिली पिशवी घरीं आली त्या दिवशीं आम्हीं किन्वा तांदळासारखा एकदां पाण्यांतून काढला, दुप्पट पाणी घातलें, आणि कुकरच्या तीन शिट्या घेतल्या. शिटीबरोबर फेंस बाहेर येऊं लागला तेव्हांच शंका यावयास हवी होती. झांकण काढलें तों आंत लगदा झालेला, आणि त्याची चव कडवट. घरांतील आजीबाईंनीं एक घास घेतला, ताट हळूच पुढें सारलें, आणि "औषध असेल तर चमच्यानें द्या, जेवण म्हणून वाढूं नका," असा निकाल दिला. दोष वाण्याचा नव्हता आणि धान्याचाहि नव्हता. तो आमच्या अज्ञानाचा होता. धान्य आमच्या घरापर्यंत आलें होतें, पण तें शिजविण्याची विद्या त्याच्याबरोबर आली नव्हती. पुढें इतिहास वाचतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, हीच चूक पूर्वीं युरोपानेंहि केली होती.

किन्वाच्या दाण्यावर एक कडू लेप असतो. त्यांतील द्रव्यांस रसायनशास्त्रज्ञ सॅपोनिन म्हणतात. नांव परकें वाटलें तरी वस्तु आपल्या ओळखीची आहे; रिठ्याला व शिकेकाईला जो फेंस येतो तो याच वर्गांतील द्रव्यांमुळें. शेतांत उभ्या असलेल्या कणसाचें हा कडूपणा रक्षण करतो, कारण पांखरें त्याला सहसा चोंच लावीत नाहींत. बोलिव्हियाच्या पठारावरील कुटुंबें हा लेप काढण्यासाठीं दाणे प्रथम गरम करीत, दगडाच्या कुंडींत पायांनीं मळीत, वाऱ्यावर उपणीत, आणि मग कित्येक पाण्यांनीं धूत. हल्लीं हें काम यंत्रें करतात व पिशवींत येणारा दाणा बराचसा घासलेला असतो. तथापि जो अंश राहतो तो जिभेला कळण्याइतका खास असतो.

चार-पांच प्रयोगांनंतर आमच्या घरीं जी रीत बसली ती वाचकांच्या सोयीसाठीं येथें देतों. एक वाटी किन्वा पातेल्यांत घेऊन त्यावर भरपूर पाणी ओतावें व दाणे दोन्ही तळहातांत धरून चोळावे. फेंसाळ पाणी टाकून द्यावें व नवें घ्यावें. फेंस येईनासा होईपर्यंत, म्हणजे तीन-चार वेळां, हेंच करावें. तांदळाच्या रोळीच्या भोंकांतून हा दाणा निसटतो, म्हणून निथळण्यास बारीक जाळीचें गाळणें किंवा पातळ पंचा घ्यावा. नीट धुतला गेला कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे: एक दाणा जिभेवर ठेवून चावावा, कडवटपणा लागला तर आणखी एक पाणी. मग जाड बुडाच्या पातेल्यांत दाणा मंद आंचेवर चार-पांच मिनिटें कोरडाच परतावा. ओल जाऊन खमंग वास सुटला म्हणजे त्यांत पावणेदोन ते दोन वाट्या आधणाचें पाणी व चवीपुरतें मीठ घालावें, उकळी आल्यावर झांकण ठेवावें, आणि आंच अगदीं मंद करून सुमारें पंधरा मिनिटें शिजवावें. आंच बंद केल्यावरहि दहा मिनिटें झांकण उघडूं नये. शिजलेला दाणा अर्धपारदर्शक होतो व त्याच्याभोंवतीं पांढऱ्या दोऱ्याचें एक वेटोळें सुटलेलें दिसतें. आमच्या घरच्या मुलांना प्रथम तो किडा वाटला! तें वेटोळें म्हणजे दाण्यांतील अंकुर होय. तो मूळचाच दाण्याला कडें घालून बसलेला असतो, आणि तो मोकळा झाला म्हणजे किन्वा शिजला असें समजावें. एका वाटीचा सुमारें तीन वाट्या होतो.

असा मोकळा शिजविलेला किन्वा आपल्या स्वयंपाकांत कोठें बसतो, हेंहि पाहिलें पाहिजे. वरणभातांतील भाताची जागा तो घेऊं शकत नाहीं. तो वरण धरून ठेवीत नाहीं आणि हातानें कालवला तर बोटांतून सुटतो. परंतु मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची व शेंगदाणे यांची फोडणी देऊन केलेला उपमा उत्तम होतो. निम्मी मुगाची डाळ घालून खिचडी केली तर ती आसट करावी. वर तूप सढळ हातानें वाढावें. उन्हाळ्यांत दहीबुत्तीसारखा दह्यांत कालवून, वर जिरें व मिरचीची फोडणी दिली, म्हणजे तो आमच्या घरीं शिल्लक राहत नाहीं. मात्र कुकरच्या शिट्यांच्या भरंवशावर तो टाकूं नये, एवढें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

आजीबाईंचें मन वळलें, परंतु तें चवीमुळें नव्हे, नात्यामुळें. किन्वा हा चाकवताचा सख्खा भाऊ आहे, असें आम्हीं त्यांना सांगितलें, आणि हें बोलणें केवळ त्यांची समजूत घालण्याकरितां नव्हतें. वनस्पतिशास्त्रांत दोघांचें कुल तर एक आहेच, परंतु जातिनामहि एकच, म्हणजे चेनोपोडियम, हें आहे. ताकांत शिजवून वर लसणीची फोडणी दिलेली चाकवताची पातळ भाजी ज्यांनीं लहानपणापासून खाल्ली आहे, त्यांना किन्वा अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. आपण चाकवताचीं पानें खातों व बीं टाकून देतों. हिमालयांतील डोंगराळ मुलुखांत मात्र चाकवताच्या एका जातीचें बीं धान्य म्हणून पिकवितात व त्यास 'बाथू' म्हणतात. उपवासाचा राजगिरा हाहि याच विस्तृत कुलांतला. गहूं, तांदूळ, ज्वारी, नाचणी हीं सर्व गवतें होत. किन्वा व राजगिरा गवतें नव्हत, म्हणून शास्त्रज्ञ त्यांस खरीं तृणधान्यें मानीत नाहींत.

आतां या धान्याच्या माहेराकडे वळूं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूनें अँडीज पर्वताच्या रांगा गेल्या आहेत. त्या रांगांमध्यें समुद्रसपाटीपासून सुमारें ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचा एक कांठ पेरू देशांत व दुसरा बोलिव्हियांत पडतो. या सरोवराच्या परिसरांत कांहीं सहस्र वर्षांपूर्वीं मनुष्यानें किन्वा लागवडीस आणला. तेथें रात्रीं हिंव पडतें, पाऊस थोडा, आणि बोलिव्हियाच्या नैऋत्येस तर मैलच्या मैल मिठाचीं वाळवंटें पसरलेलीं आहेत. अशा खारट व थंड भूमींत गव्हाचा किंवा मक्याचा निभाव कठिण. परंतु किन्वा तेथें उभा राहतो. तेथील लोक त्याचें कढण करीत, दूध व चीज घालून त्याचा घोटलेला भात करीत, आणि दाणे भाजून दळून 'पितो' नांवाचें पीठ करीत. हें पीठ म्हणजे आपल्याकडील सातूच्या पिठाचाच प्रकार. प्रवासांत बरोबर घ्यावें आणि पाण्यांत कालवून खावें.

सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं इंका साम्राज्य जिंकलें, आणि किन्वाचें नांव युरोपच्या कागदोपत्रीं येऊं लागलें. चिलीचा विजेता पेद्रो द वाल्दिव्हिया यानें १५५१ सालीं सम्राट् पांचव्या चार्ल्सला लिहिलेल्या पत्रांत तेथील पिकांत याचा उल्लेख आढळतो. परंतु सर्वांत मनोवेधक हकीकत इंका गार्सिलासो द ला वेगा याच्या ग्रंथांत आहे. हा गृहस्थ १५३९ सालीं कुस्को येथें जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजकुलांतील. तरुणपणीं तो स्पेनला गेला तो पुन्हा मातृभूमीस परतला नाहीं. उतारवयांत त्यानें आपल्या मातृकुलाचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला भाग १६०९ सालीं लिस्बन येथें छापला गेला. त्यांत तो सांगतो कीं, मक्याच्या खालोखाल मान किन्वाचा. स्पॅनिश लोक त्यास 'लहान तांदूळ' म्हणत. त्याचीं कोंवळीं पानें इंडियन व स्पॅनिश दोघेहि आवडीनें खात. पानांची भाजी करण्याची ही चाल वाचून आम्हांस आपल्या चाकवताचीच आठवण झाली. पुढें तो लिहितो कीं, पेरूहून मुद्दाम मागविलेलें किन्वाचें बीं स्पेनला येऊन पोंचलें, परंतु तें मेलेलें होतें. तें उगवलें नाहीं. आईच्या देशांतलें धान्य परक्या देशांत आपल्या अंगणांत उगवून पाहावें, आणि तें उगवूं नये, यांतील विरस ज्यांनीं घर सोडून दूर बिऱ्हाड केलें आहे त्यांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. त्याच अँडीजच्या पठारावरून, त्याच शतकांत, बटाटा निघाला व बघतां बघतां जगभर गेला. आपण त्यास आजहि जें नांव देतों तें पोर्तुगीजांच्या तोंडचें आहे. मग त्याचा शेजारी किन्वा चारशें वर्षें जागच्या जागीं कां राहिला? कारणें शोधूं गेल्यास चार सांपडतात. पहिलें, बीं लांबच्या समुद्रप्रवासांत जिवंत राहणें अवघड. दुसरें, हें उंच व थंड प्रदेशांतलें रोप. फुलोऱ्याच्या वेळीं कडक उष्मा झाला कीं दाणा भरत नाहीं. तिसरें कारण आमच्या कुकरनें आम्हांस शिकविलें: बटाटा नुसता उकडला कीं खातां येतो, किन्वाचा कडूपणा धुऊन काढावा लागतो, आणि ती रीत जहाजांतून पाठवितां येत नाहीं. ती हाताची विद्या आहे. ती शिकविणारें माणूस बरोबर यावें लागतें.

चौथें कारण सर्वांत मोठें, आणि त्याविषयीं थोडें सावधपणें लिहिलें पाहिजे. स्पॅनिश पाद्र्यांनीं किन्वावर धर्मबाह्य म्हणून बंदी घातली, असें आजकाल सर्रास लिहिलेलें आढळतें. असा भक्कम पुरावा मिळतो तो किन्वाचा नव्हे, मेक्सिकोंतील राजगिऱ्याचा. तेथील अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ति करून पूजीत व नंतर त्यांचा प्रसाद वांटून खात. बेर्नार्दिनो द साहागुन या पाद्र्यानें त्यांचें सविस्तर वर्णन करून ठेविलें आहे, आणि ही पूजा मोडून काढण्याचा स्पॅनिश लोकांनीं कसून प्रयत्न केला. किन्वाला मारलें तें अशा हुकुमानें नव्हे, तुच्छतेनें. जेत्यांनीं गहूं व जव आणले. गव्हाची भाकर ही प्रतिष्ठेची व किन्वाचें कढण हें 'इंडियनांचें अन्न' ठरलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पेरू-बोलिव्हियाच्या शहरांतील सुखवस्तु घरांत किन्वा वाढणें कमीपणाचें वाटे. राजाज्ञा मोडतां येते, चोरून पीक घेतां येतें. परंतु आपल्याच मुलाला आपल्या ताटांतील अन्नाची लाज वाटूं लागली, म्हणजे त्या धान्याला वांचविणें फार कठिण. किन्वा वांचला तो पठारावरील गरीब शेतकऱ्यांच्या चुलींवर. ज्यांना गहूं परवडत नव्हता व ज्यांच्या जमिनींत दुसरें कांहीं पिकत नव्हतें, त्यांनींच बीं व विद्या दोन्ही चारशें वर्षें राखलीं.

परक्या धान्याची ही कथा ऐकून कांहीं वाचक म्हणतील कीं, आपल्या घरांत अशा परदेशी पदार्थांचें काय काम? त्यांनीं येत्या एकादशीस आपलें फराळाचें ताट न्याहाळावें. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, भुईमुगाचा दाणा दक्षिण अमेरिकेचा, रताळें अमेरिकेचें, हिरवी मिरची अमेरिकेची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका ब्राझीलकडचा; दुसऱ्या महायुद्धांत मलायाकडील माल बंद पडल्यावर तामिळनाडूंतील सेलमकडे त्याचा धंदा वाढला. धान्याचा राजगिराहि मूळचा अमेरिकेचाच, जरी तो आपल्याकडे केव्हां आला याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. ताटांत अस्सल एतद्देशीय अशी वरई तेवढी. आणि ती तर गवतच! सारांश, आपल्या उपवासाचे नियम वनस्पतिशास्त्रानें ठरलेले नसून घराघरांतल्या वहिवाटीनें ठरलेले आहेत. किन्वा उपवासाला चालतो कीं नाहीं, असा प्रश्न आम्हांस विचारण्यांत आला आहे. त्यावर आमचें उत्तर एवढेंच कीं, जी वहिवाट बटाट्याला आंत घेऊं शकली ती याचाहि निर्णय यथाकाल करील. आम्ही मध्यें पडत नाहीं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस किन्वाचे ग्रह पालटले. १९९३ सालीं अमेरिकेच्या 'नासा' या अवकाशसंस्थेनें दीर्घ अंतराळप्रवासांत पिकविण्याजोगें धान्य म्हणून त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढें संयुक्त राष्ट्रांनीं २०१३ हें साल आंतरराष्ट्रीय किन्वा वर्ष म्हणून पाळलें. श्रीमंत देशांतून मागणी एवढी वाढली कीं त्या सुमारास भाव गगनाला भिडले, आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांतच ते कोसळले, कारण दुसऱ्या देशांतहि लागवड सुरू झाली होती. आपल्या देशांत राजस्थान व आंध्र प्रदेश या कोरड्या भागांत ती होऊं लागली. भाव चढले तेव्हां, पठारावरील गरिबांच्या तोंडचा घास श्रीमंतांनीं पळविला, अशी ओरड झाली. पेरूंतील कुटुंबांच्या खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना मात्र ती तितकीशी खरी आढळली नाहीं. उलट कांहीं शेतकरी कुटुंबांच्या हातांत चार पैसे आले. परंतु लामांच्या चराईचीं कुरणें नांगराखालीं गेलीं व जमिनीची धूप वाढली, हेंहि खरें आहे. ज्या अन्नाची काल लाज वाटत होती तेंच आज शहरांतील मोठ्या उपाहारगृहांत मानानें वाढलें जाऊं लागलें.

येथवर अँडीजची कथा झाली. ती आम्हांस कामोठ्यापर्यंत कशी घेऊन आली, तें आतां सांगतों. आमच्या ओळखीच्या, मूळच्या कामोठें गांवठाणांतील, एक वृद्ध आगरी बाई आमच्या घरीं आल्या असतां आम्ही किन्वा धूत होतों. हें काय म्हणून त्यांनीं विचारलें. खाऱ्या जमिनींत पिकणारें धान्य आहे व कडूपणा धुवावा लागतो, असें सांगतांच त्या हंसल्या व म्हणाल्या कीं, त्यांच्या वेळीं या ठिकाणीं दाणा धुवावा लागत नसे, जमीनच धुवावी लागे.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा. आज जेथें आमच्या इमारती उभ्या आहेत त्या पनवेल खाडीच्या कांठच्या पट्ट्यांत भाताचीं खाचरें होतीं. खाडीच्या भरतीचें पाणी आंत शिरूं नये म्हणून मातीचे बांध घालीत, आणि पावसाचें पाणी बाहेर जावें म्हणून त्यांस उघाडी ठेवीत. अशी बांध घालून खाडीकडून सोडवून घेतलेली जमीन जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या महसुली भाषेंत शिलोत्री म्हटली जाई. उन्हाळ्यांत तिच्यावर मिठाचा पांढरा थर चढे. मृगाचा पाऊस पडून तो खार धुपून वाहून जाईपर्यंत पेरणीची घाई करतां येत नसे. मग मोड आलेलें बियाणें चिखलांत फेंकीत. या जमिनींत साधें भात जळून जाई. म्हणून पिढ्यान् पिढ्या खार सोसणाऱ्या जातीच राखलेल्या होत्या. 'राता' हें त्यांतलें मुख्य नांव, कारण त्याचा तांदूळ तांबडा. भुरा राता व काळा राता असे त्याचे भेद; शेतकी खात्यानें त्यांतूनच निवड करून भुरा राता ४-१० व काळा राता १-२४ हे वाण पुढें काढले. या तांदळाची भाकरी पोटाला आधार देई, आणि पेज न्याहारीला चाले. किन्वानें टिटिकाकाच्या पठारावर जें काम केलें तेंच काम रात्यानें पनवेल-उरणच्या खाडीकांठीं केलें: मीठ सोसून माणसाला पोसण्याचें.

आणि त्याच्या वांट्यालाहि तीच तुच्छता आली. तांबडा जाडा तांदूळ हा कष्टकऱ्यांचा, पांढरा बारीक तांदूळ हा घरंदाजांचा, ही समजूत आमच्यासारख्या पांढरपेशा घरांनींच रुजविली. पाहुणा आला कीं तांबडा भात झांकून ठेवावा आणि पांढरा वाढावा, असा शिष्टाचार झाला. परंतु येथें तुच्छतेच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली, व ती अधिक निर्णायक ठरली. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसविण्यासाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. कामोठें हें त्यांतलेंच एक गांव. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं जो लढा दिला त्यांत १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ या तारखांस उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यांतूनच पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांस देण्याची योजना आली. भूखंडावर इमारत उभी राहते, भात उभें राहत नाहीं. २०१६ पासून कामोठें पनवेल महानगरपालिकेंत आहे. आम्ही ज्या मजल्यावर बसून हा लेख लिहीत आहों त्याच्या पायाखालीं कोणाचें तरी खाचर आहे, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. आणि आम्हांस येथें राहावयास घर मिळालें याबद्दल कृतज्ञ असतांहि ती विसरणें योग्य नाहीं, असें वाटतें.

वांचविण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नव्हे. पनवेल येथेंच दापोलीच्या कोंकण कृषी विद्यापीठाचें खार जमीन संशोधन केंद्र आहे. तेथून खार सोसणारे 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' असे भाताचे वाण बाहेर पडले. पेण-अलिबागकडे खारभूमीचीं शेतें अद्याप आहेत. म्हणजे बीं आहे, विद्याहि कांहीं वृद्धांच्या हातांत आहे. नाहीं तें शहरी घरांतील गिऱ्हाईक. ज्या कामोठ्यांत आज आम्ही सात समुद्रांपलीकडचें खाऱ्या जमिनीचें धान्य मोठ्या किंमतीस आणतों, त्याच कामोठ्याचें खाऱ्या जमिनीचें धान्य कसें दिसतें हें आमच्या मुलांना ठाऊक नाहीं.

यावरून किन्वा खाऊं नये असें आम्ही सुचवीत नाहीं. तें चांगलें अन्न आहे. शंभर ग्रॅम किन्वांत सुमारें १३ ते १४ ग्रॅम प्रथिनें असतात, तांदळांत सुमारें ७ ते ८. आणि त्या प्रथिनांचा दर्जाहि उत्तम आहे. परंतु राजगिऱ्यांतहि तितकींच प्रथिनें असतात, आणि कॅल्शियमच्या बाबतींत आपली नाचणी या दोघांनाहि नाहीं तरी किन्वाला खास मागें टाकते. तेव्हां किन्वा म्हणजे अमृत व नाचणी-राता म्हणजे गांवढळ अन्न, असा भेद करण्यास आहारशास्त्राचा आधार नाहीं. तो भेद पुन्हा त्याच जुन्या तुच्छतेचा आहे. फक्त त्याचा पोशाख बदलला आहे.

त्या वृद्ध बाईंच्या ओळखीनें आम्हांस पेणकडून तांबड्या तांदळाचें थोडें पीठ मिळालें. त्यांनीं आमच्या ओट्याशीं उभें राहून उकड कशी काढावी, ती गरम असतांनाच कशी मळावी, आणि भाकरी हातावर कशी थापावी, हें शिकविलें. आमच्या पहिल्या तीन भाकरी फाटल्या, चौथी फुगली. त्या दिवशीं ताटांत एका बाजूस किन्वाचा उपमा होता व दुसऱ्या बाजूस तांबडी भाकरी आणि चाकवताची पातळ भाजी. बाईंनीं उपमा चाखला, बरा आहे म्हणाल्या, पण भाकरीच मागून घेतली. आमच्या आजीबाईंनींहि भाकरीच मागितली. मुलांनीं दोन्ही खाल्लें.

गार्सिलासोच्या हातीं आलेलें बीं मेलेलें होतें. आमची स्थिति त्याहून बरी आहे. पेण-अलिबागकडे बीं जिवंत आहे, आणि तें कसें पिकवावें व शिजवावें हें जाणणारीं माणसें आपल्याच गांवठाणांत, हांकेच्या अंतरावर, आहेत. किन्वाच्या इतिहासानें आम्हांस एवढेंच शिकविलें कीं, धान्य ग्रंथांत किंवा बीजकोठारांत राहत नाहीं. तें रोजच्या चुलीवर राहतें. म्हणून वाचकांनीं किन्वा अवश्य आणावा व चार पाण्यांनीं धुऊन शिजवावा. परंतु महिन्यांतून एकदां तरी आपल्या तालुक्यांत पूर्वीं काय पिकत होतें, याची शेजारच्या एखाद्या वृद्ध माणसाकडे चौकशी करावी, आणि जें सांपडेल तें घरीं आणून, पाहुण्यांपुढें, न झांकतां वाढावें.